दप्तराची निंदणी

निंदणी म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कपाशी वीतभर वर आली की तिच्याभोवतीचे तण काढावे लागते, आणि पीक कोणते व तण कोणते हे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या हाती खुरपे कोणी देत नाही. सरकारी कार्यालयांच्या भाषेतही हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. जुन्या कागदपत्रांतून ठेवायचे कोणते आणि नष्ट करायचे कोणते, हे निवडण्याच्या कामाला तेथे ‘अभिलेख निंदणीकरण’ म्हणतात. २०२५ च्या आरंभी राज्य शासनाने आपल्या कार्यालयांना शंभर दिवसांचा जो कार्यक्रम आखून दिला, त्यात कार्यालयीन स्वच्छतेच्या सदराखाली या कामाचा समावेश होता. केंद्र सरकारची कार्यालयेही २०२१ पासून दर ऑक्टोबरात अशीच मोहीम चालवितात. रद्दीच्या विक्रीतून किती रक्कम आली आणि किती चौरस फूट जागा मोकळी झाली, याचे आकडे मोठ्या समाधानाने प्रसिद्ध होतात. त्या जागेवर पूर्वी कोणते कागद होते, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही.

तक्रार निंदणीबद्दल नाही. जगातील कोणतेही शासन आपला प्रत्येक कागद जपून ठेवू शकत नाही, आणि ठेवूही नये. महाराष्ट्रातील महसुली कार्यालयांत अभिलेखांची वर्गवारी ठरलेली आहे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. ही पद्धत ब्रिटिश आमदानीतील अनुभवी अधिकाऱ्यांनी घालून दिली आणि तिच्यात शहाणपण आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, प्रकरण बंद होताना त्याच्या वेष्टनावर ‘अ’ लिहायचे की ‘क’, हा निर्णय घेतो कोण? बहुधा तो एखादा कारकून घेतो, हाताशी दहा प्रकरणे तुंबलेली असताना घेतो, आणि कार्यालयाला या कागदाची पुन्हा गरज पडेल काय, एवढाच विचार करून घेतो. नागरिकाला त्याची गरज पडेल काय, हा प्रश्न त्याला कोणी शिकविलेला नसतो. यात त्या कारकुनाचा दोष नाही. ज्या खात्यांत अभिलेखपालाची नेमणूक ही शिक्षा समजली जाते, तेथे याहून निराळे काही घडण्याची अपेक्षा कशी करावी?

नागरिकाला ती गरज कशी पडते, हे पाहायचे असेल तर जून-जुलैत जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षासमोर थोडा वेळ उभे राहावे. बारावीचा निकाल लागलेला असतो, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश तोंडावर असतात, आणि जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी हव्या असतात. अनुसूचित जातीचा अर्जदार असेल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, जमातीचा असेल तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही रेषा. ज्याचे आजोबा शाळेत गेले, त्याला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा आधार असतो. परंतु कोलामांच्या पोडावर किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावर १९५० पूर्वी शाळा पाहिलेली माणसे किती होती? अशांच्या बाबतीत कोतवाल बुकातील जन्म किंवा मृत्यूची एक ओळ हाच बहुधा एकमेव सरकारी पुरावा असतो. गावातील जन्ममृत्यू कोतवालाने कळवायचे आणि त्यांची नोंद व्हायची, ही वऱ्हाड-मध्यप्रांतातील जुनी पद्धत. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा राज्यात १९७० पासून लागू झाला, त्याआधीचा सगळा भार या वह्यांवर आहे. आणि त्या वह्यांची पाने हात लावताच तुटतात. कित्येक ठिकाणी काही वर्षांच्या वह्याच नाहीत. ‘अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ किंवा ‘सदर वर्षाचा अभिलेख उपलब्ध नाही’ असा शेरा मारलेला अर्ज घेऊन बाप आणि मुलगा पायऱ्या उतरतात.

कायदा येथे काय म्हणतो? २००१ पासून अंमलात असलेल्या राज्याच्या जात प्रमाणपत्रविषयक अधिनियमाच्या कलम ८ नुसार, आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदाराची आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या एका निकालात स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदपत्रांना अधिक वजन दिले पाहिजे, असे सांगितले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावण्याचे प्रकार या राज्यात मुबलक झाले आणि त्यांना पायबंद घालणे अवश्यच होते. २०१७ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दावा अवैध ठरल्यास नोकरीला संरक्षण नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर राज्य शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचा निर्णय घेतला. पंचवीस-तीस वर्षे सेवा केलेल्या कारकुनाला आणि शिक्षकाला ‘अधिसंख्य’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी कळला. त्यांपैकी अनेकांचे दावे खोटे असतील. परंतु ज्याचा दावा खरा होता आणि ज्याची नोंद असलेली वही वाळवीने खाल्ली, त्याचे काय? तो आणि लबाड माणूस समितीसमोर एकाच रांगेत उभे राहतात, कारण दोघांच्याही हाती कागद नसतो.

विसंगती येथे आहे. वही लिहिली सरकारने, ठेवली सरकारने, कुलूप सरकारचे, किल्ली सरकारची. ती नागरिकाच्या घरी कधीच नव्हती. ती हरवली तर तिच्या अभावाची किंमत मात्र नागरिकाने मोजायची! एखाद्या सराफाकडे गहाण ठेवलेला दागिना त्याच्याच तिजोरीतून नाहीसा झाला आणि सराफाने उलट गिऱ्हाइकालाच ‘दागिना होता हे सिद्ध कर’ म्हणून बजावले, तर त्याला गावात कोणी उभे करणार नाही.

असे नाही की शासनाला ही अडचण कधी कळलीच नाही. स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन केंद्राने १९७२ मध्ये सुरू केले व १९८० मध्ये त्याची व्याप्ती वाढविली, तेव्हा हाच पेच पडला होता. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल कायदा मोडला आणि जिल्ह्यात जंगल सत्याग्रहाचे लोण पसरले. त्या व पुढच्या चळवळींत तुरुंगात गेलेल्या सामान्य खेडूतांनी शिक्षेचे कागद जपून ठेवले नव्हते, आणि तुरुंगांनीही सगळे ठेवले नव्हते. तेव्हा शासनाने वाट काढली. मूळ अभिलेख उपलब्ध नसल्याचे सक्षम अधिकाऱ्याने लेखी कळवावे आणि त्यासोबत सहबंदीवानाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरावे, अशी ती सोय होती. म्हणजे दप्तर नष्ट झाले ही कबुली देण्याची आणि तिचा भार नागरिकावर न टाकण्याची रीत शासनाला ठाऊक आहे. ती एका योजनेपुरती राहिली, एवढेच.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हा जिल्हा एका जागी स्थिर राहिला, पण त्याच्या माथ्यावरची राज्ये बदलत गेली. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाचे; त्यानंतर ते इंग्रजांकडे आले, पण कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत. १८६४ मध्ये वणी, म्हणजे इंग्रजी कागदांतला ‘वून’ जिल्हा निर्माण झाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, त्यातील पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पुढे १९५० चे मध्यप्रदेश राज्य, १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० चा महाराष्ट्र. शंभर-सव्वाशे वर्षांत या जिल्ह्याच्या राजधान्या हैदराबाद, नागपूर आणि मुंबई अशा झाल्या. परिणामी पुसदच्या एखाद्या जुन्या गावाचा इतिहास शोधणाऱ्याला अकोल्याचे दप्तर पाहावे लागते, रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात धुंडाळावे लागतात, आणि जुन्या मध्यप्रदेशाच्या फायलींपैकी कोणत्या नागपुरास राहिल्या व कोणत्या भोपाळला गेल्या, याचा तपास करावा लागतो. जमिनीचा कायदा बदलला की नमुने बदलले. १९५४ ची मध्यप्रदेशची संहिता गेली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्राची आली. मोडी लिपी गेली, ती वाचणारे कारकून निवृत्त झाले. निस्तारपत्रक म्हणजे काय, हे नव्या तलाठ्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करणाऱ्या ग्रामसभेला तर नेमका तोच कागद हवा असतो.

या सगळ्याचे मोल २०२३ मध्ये एकाएकी सर्वांच्या ध्यानात आले. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या मागणीच्या गुणावगुणांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. लक्षात घ्यायचे ते असे की, समितीच्या कामासाठी महसूल, शिक्षण, पोलीस, कारागृह अशा अनेक खात्यांची जुनी दप्तरे उपसली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली आणि निजामकालीन कागदांसाठी हैदराबादेस पथके गेली. ऑक्टोबर २०२३ अखेर १ कोटी ७२ लाख कागदपत्रे तपासून ११,५३० नोंदी मिळाल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले; पुढे शोध राज्यभर नेण्यात आला. २ सप्टेंबर २०२५ रोजी तर ‘हैदराबाद गॅझेट’च्या आधारे शासननिर्णय निघाला. ज्या गठ्ठ्यांना एरवी कोणी झाडू लावत नव्हते, त्यांच्यावर राज्याचे राजकारण तोलून धरले गेले. पण एका समितीच्या निमित्ताने, आंदोलनाच्या धाकाने आणि मुदतीच्या घाईत दप्तर चाळणे वेगळे. ते रोजच्या रोज, कोणी मागो वा न मागो, नीट लावून ठेवणे वेगळे. पहिली गोष्ट शासनाने दाखविली. दुसरीचे काय?

दुसऱ्या गोष्टीसाठी कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राने १९९३ मध्ये सार्वजनिक अभिलेख कायदा केला आणि त्याच धर्तीवर महाराष्ट्राने २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला. प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमावा, विहित पद्धतीवाचून कोणताही अभिलेख नष्ट करू नये, आणि तसे करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशी त्यातील व्यवस्था आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्याच कायद्याचे कलम ४ तर सांगते की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवले पाहिजेत. हे कलम सर्वांत कमी पाळले गेलेले कलम असेल. माहिती मागणाऱ्याला ‘फाइल आढळून येत नाही’ असे उत्तर देणारा अधिकारी ते उत्तर निर्धास्तपणे सही करून देतो; आपण एका दंडनीय गोष्टीची लेखी कबुली देत आहोत, असे त्याला वाटत नाही. मुंबईतील ‘आदर्श’ इमारतीच्या प्रकरणात २०१० मध्ये नगरविकास विभागाच्या फायलीतून कागद नाहीसे झाल्याचे उघड झाले, तेव्हा गदारोळ उठला. तालुक्याच्या ठिकाणी नाहीशा झालेल्या फायलीसाठी कोण गदारोळ करणार?

अभिलेखांविषयीची ही बेफिकिरी केवळ तालुक्यातच आहे, असे समजण्याचे मात्र कारण नाही. ती वरूनच खाली झिरपली आहे, आणि याचेही उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. पुसद तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक जून १९९१ ते मार्च १९९३ या अवधीत मुख्यमंत्री होते. वसंतरावांच्या कारकिर्दीत संकरित बियाणे आले, कृषी विद्यापीठे उभी राहिली, कोयनेचा भूकंप झाला, कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, १९७२ चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमीचा पाया घातला गेला. सुधाकररावांच्या काळात मुंबईच्या दंगली झाल्या. यांपैकी कोणत्या निर्णयामागे कोणता विचार होता, कोणी विरोध केला, कोणता सल्ला नाकारला गेला, हे एका ठिकाणी बसून वाचता येईल अशी जागा महाराष्ट्रात नाही. जन्मशताब्दी झाली, वैद्यकीय महाविद्यालयाला नाव दिले गेले, परभणीच्या कृषी विद्यापीठाला दिले गेले, १ जुलै हा कृषिदिन म्हणून पाळला जातो. वसंतराव मात्र आख्यायिकांतून उरले आहेत; राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर शनिवारवाड्यासमोर फाशी द्या, असे ते म्हणाल्याची गोष्ट प्रत्येक भाषणात सांगितली जाते. त्या उद्गारापर्यंत त्यांना कोणत्या टिपणींनी आणि कोणत्या आकडेवारीने नेले, ते सांगणारा एकही वक्ता भेटत नाही. मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाला ‘वर्षा’ हे नाव नाईकांमुळे मिळाले, हे सर्वांना माहीत आहे. त्या बंगल्यातून पायउतार होणाऱ्या प्रत्येक मुख्यमंत्र्याबरोबर कोणते कागद बाहेर पडले, याची विचारपूस करण्याची पद्धत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. तेथेही दीडशे वर्षे अध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता समजली जात होती. कोणी ते घरी नेले, कोणाच्या वारसांनी जाळले, कोणी विकले. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी आपले कागद राष्ट्राला देऊन हाइड पार्क येथे १९४१ मध्ये ग्रंथालय खुले केले, आणि १९५५ च्या कायद्याने ही पद्धत रूढ झाली. तरी मालकी खासगीच होती. १९७४ मध्ये निक्सन यांना पायउतार व्हावे लागले आणि वॉटरगेटच्या ध्वनिफितींवर त्यांनी आपला हक्क सांगितला, तेव्हा काँग्रेसने खास कायदा करून ते सर्व साहित्य ताब्यात घेतले. १९७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९७८ च्या कायद्याने तर २० जानेवारी १९८१ पासून अधिकारावर येणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाचे शासकीय कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरविले. कार्यकाल संपल्यावर पाच वर्षांनी नागरिक ते मागू शकतो. काही प्रकारचे कागद जास्तीत जास्त बारा वर्षे रोखून धरता येतात. तेथेही सगळे आलबेल आहे असे नाही. निक्सन यांच्या ग्रंथालयातील वॉटरगेटचे दालन प्रथम त्यांच्या चाहत्यांनी मांडले होते. राष्ट्रीय अभिलेखागाराने ते बदलून नव्याने उभे केले, ते २०११ मध्ये. डोनाल्ड ट्रंप यांच्या फ्लोरिडातील निवासावर ऑगस्ट २०२२ मध्ये झडती झाली, तीही कागदांसाठीच. पण झडती घेता येते, यातच कायद्याचे अस्तित्व दिसते.

भारतात पंतप्रधानांच्या बाबतीत त्याची नक्कल अर्धवट झाली. नेहरूंच्या मृत्यूनंतर तीन मूर्ती भवनात संग्रहालय व ग्रंथालय उभे राहिले. २०२३ मध्ये त्याचे नाव प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असे झाले. तेथील हस्तलिखितांचा संग्रह मोलाचा आहे यात शंका नाही. वणीच्या बापूजी अण्यांचे कागद आज पाहायचे असतील तर तेथेच जावे लागते. मात्र हे सारे देणगीच्या तत्त्वावर चालते. २००८ मध्ये नेहरूंच्या कागदांची ५१ खोकी कुटुंबाकडे परत गेली आणि २०२४-२५ मध्ये त्यावरून वाद माजला. त्यात पक्षीय बाजू घेण्याची गरज नाही. कोणता कागद खासगी आणि कोणता शासकीय, हे ठरविणारी रेषाच आखलेली नसेल तर असा वाद होणारच. राज्यांच्या मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत तर वादही होत नाही, कारण कागद आहेत कोठे हेच विचारले जात नाही.

मराठी माणसाला इतिहासाचा अभिमान फार, असे म्हटले जाते. पण या अभिमानाची साधने त्याने सरकारी दप्तरातून मिळविली नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांत, माळ्यांवर आणि वाण्यांच्या रद्दीत पत्रे शोधत हिंडले आणि त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड १८९८ पासून प्रसिद्ध केले. कारण पुण्यातील पेशवे दप्तर इंग्रज सरकारने संशोधकांना मोकळे ठेवले नव्हते. ते पुढे गो. स. सरदेसाई यांच्या हाती आले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. इंग्रजांनी तरी ते दप्तर का सांभाळले? इनामे खरी की खोटी हे तपासण्यासाठी, म्हणजे महसुलासाठी. परक्या सरकारला सारा गोळा करण्यासाठी कागद हवा होता म्हणून तो राहिला. स्वतःच्या सरकारला नागरिकाचा हक्क शाबीत करण्यासाठी तो हवा आहे, तर तो ओलीत पडला आहे.

संगणकाने हा प्रश्न सुटेल, असा एक समज आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसे दगावली आणि असंख्य फायली राख झाल्या. त्यानंतर ‘ई-ऑफिस’चा गजर वाढला. सातबारा आणि फेरफार यांचे संगणकीकरण व जुन्या महसुली अभिलेखांचे स्कॅनिंग ही मोठी कामे राज्यात झाली, आणि त्यांचा लाभ प्रत्येक खातेदार घेतो आहे. परंतु फाटक्या पानाची प्रतिमा फाटकीच उमटते. कोणत्या गावाची, कोणत्या वर्षाची वही आहे याची सूची नसेल तर ती प्रतिमा संगणकातही तितकीच हरवते. आणि स्कॅनिंग झाले म्हणून मूळ वही निंदणीत गेली, तर उद्या न्यायालयाने मूळ मागितल्यावर काय दाखविणार? ठेकेदाराने पानामागे दर लावून उरकलेले काम आणि कागद जाणणाऱ्याने केलेले काम, यांत तोच फरक आहे जो रोजंदारीच्या नवख्या माणसाच्या आणि घरच्या कास्तकाराच्या निंदणीत असतो.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे दप्तरे आहेत. मुंबईचे दप्तर तर १८२१ पासूनचे. यवतमाळला नागपूर जवळचे, तेही सुमारे दीडशे किलोमीटरवर. उमरखेडच्या माणसाला याहूनही दूर. जिल्ह्याचे स्वतःचे अभिलेखागार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक कोरडी, वाळवीपासून सुरक्षित इमारत, तेथे प्रशिक्षित अभिलेखपाल, मोडी वाचणारे एक-दोघे, तालुक्यांतून आणून सूचीबद्ध केलेली कोतवाल बुके, जुनी हक्कनोंदणी, निस्तारपत्रके आणि बंद पडलेल्या शाळांची रजिस्टरे, एवढ्यासाठी एखाद्या पुतळ्याइतकाही खर्च येणार नाही. निंदणीच्या यादीवर कार्यालयप्रमुखाबरोबर या अभिलेखपालाचीही सही अनिवार्य करावी. आणि जेथे वही सरकारच्या ताब्यातून नाहीशी झाली, तेथे तसे स्पष्ट प्रमाणपत्र देऊन, स्वातंत्र्यसैनिकांप्रमाणे, अर्जदाराला दुय्यम पुराव्याची वाट मोकळी करावी. यांतील पहिल्या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. तिसरीला नियमात दुरुस्ती लागेल, आणि ती मुंबईत होईल.

हे सर्व जुन्याच कागदांपुरते नाही. यवतमाळच्या कार्यालयांत आज जे कागद साचत आहेत, त्यांचे काय होणार? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची अमरावती विभागातील मोजदाद २००१ पासूनची आहे. प्रत्येक प्रकरणात तहसीलदाराचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा निष्कर्ष, सातबारा, बँकेच्या आणि सोसायटीच्या थकबाकीचा दाखला असतो, आणि शेवटी जिल्हा समितीचा ‘पात्र’ की ‘अपात्र’ हा निर्णय. या शतकातील वऱ्हाडी शेतकऱ्याच्या अवस्थेविषयी याहून तपशीलवार लेखी साधन दुसरे नाही. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. तेव्हाच्या शासकीय नोंदींत एका स्विस कंपनीच्या कीटकनाशकाशी संबंधित ९६ प्रकरणे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये युरोपातील व भारतातील संस्थांनी समोर आणले. कंपनीने जबाबदारी नाकारली. २०२१ मध्ये वाचलेला एक शेतकरी आणि दोन विधवा यांनी बाझेलच्या न्यायालयात दावा लावला. यवतमाळच्या एखाद्या हवालदाराने रात्रपाळीत लिहिलेली नोंद स्वित्झर्लंडात वाचली जाईल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही आले नसेल.

आत्महत्यांच्या त्या फायली ‘अ’ वर्गात धरल्या आहेत की ‘ब’ वर्गात, हे जिल्हा प्रशासनाने जाहीर करावे. ‘ब’ वर्गात असतील तर २००१ च्या प्रकरणांची तीस वर्षे २०३१ मध्ये पुरी होतात.